जुन्या मातीच्या धरणाच्या पायथ्याशी पाणी झिरपते आहे, धोका कसा ओळखायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गावाच्या वर १९८० च्या आसपास बांधलेला मातीचा तलाव आहे, उंची साधारण १४ मीटर. गावाकडच्या पायथ्याशी दोन वर्षे नुसती ओल होती, यंदा पाणी वाहू लागले. भिंतीवर बाभळी माजल्या आहेत, सांडव्यावर कुणीतरी वाळूची पोती रचली आहेत. शाखा अभियंता म्हणतात, "मातीच्या धरणाला पाझर असतोच." हे खरे का, आणि चाळीस वर्षे झाली म्हणून असे धरण फुटते का?

अभियंत्यांचे म्हणणे खरे आहे, पण अर्धे. मातीच्या धरणातून पाणी झिरपतेच आणि ते सुरक्षित बाहेर पडावे अशीच त्याची रचना असते. मधला गाभा चिकण काळ्या मातीचा, त्याला हार्टिंग म्हणतात. दोन्ही बाजूंना मुरमाड मातीचे आवरण, म्हणजे केसिंग, खाली कठीण थरापर्यंत खोदून मातीने भरलेला चर, आणि गावाकडच्या पायथ्याला दगडांचा रॉक टो. गाभ्यातून आलेले थोडे पाणी वाळूच्या थरातून गाळले जाऊन रॉक टोमध्ये उतरते आणि पायथ्याच्या नालीने, म्हणजे टो ड्रेनने, बाहेर जाते. म्हणून "पाझर आहे का" हा प्रश्न बाजूला ठेवा. पाणी कुठून निघते, स्वच्छ आहे की गढूळ, आणि तलावाची पातळी तेवढीच असताना मागच्या वर्षीपेक्षा वाढले का, हे तीन प्रश्न विचारा.

वयाबद्दल आधी सांगतो. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटले ते पहिल्याच पावसाळ्यात भरताना. विमोचकाच्या, म्हणजे तलावातून पाणी सोडण्याच्या नळावरचा भराव खचत गेला, लष्कराच्या जवानांनी रात्रभर पोती रचली, सकाळी धरण गेले आणि त्या पाण्याने खालचे खडकवासलाही नेले. खडकवासला तेव्हा ऐंशी वर्षांहून जुने होते, पण ते वयाने गेले नाही, वरून आलेल्या लोंढ्याने गेले. चिपळूण तालुक्यातले तिवरे २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि पायथ्याची वाडी वाहून गेली. ते तर कालपरवाचे म्हणावे असे धरण होते. गावकऱ्यांनी आधी गळतीच्या तक्रारी केल्याचे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. उलट १९२६ मध्ये पूर्ण झालेले भंडारदरा आजही उभे आहे, कारण १९६९ मध्ये त्यात तडे आणि गळती दिसल्यावर त्याचे मजबुतीकरण झाले. वय वाढते तशा काही गोष्टी मात्र नक्की बिघडतात: वाळूचे गाळण थर गाळाने बुजतात, विमोचकाचे काँक्रीट झिजते, दाराचे लोखंड गंजते, झाडांची मुळे खोल जातात, आणि पूर्वी जिथे पडीक जमीन होती तिथे वस्ती उभी राहते.

आता तुमच्या ओलीकडे येऊ. पावसाळ्यात उतारावरचे पावसाचे पाणी आणि तलावाचा पाझर वेगळा काढणे अवघड असते. पाहणीला सर्वांत चांगला काळ म्हणजे पाऊस थांबल्यानंतरचा, तलाव भरलेला असतानाचा: ऑक्टोबरचा शेवट ते डिसेंबर. आठ-दहा दिवस पाऊस नसताना सकाळी उतारावरून चाला. मार्च-एप्रिलमध्ये सगळे गवत वाळलेले असताना एखाद्या पट्ट्यातच लव्हाळा किंवा पाणकणीस हिरवेगार दिसले, तर तिथे कायमचे पाणी आहे असे समजा.

जागेवरून बराच अर्थ लागतो. पाणी रॉक टोच्या दगडांतून किंवा टो ड्रेनमधून येत असेल तर ते ठरलेल्या वाटेने येते आहे. पण ओल रॉक टोच्या वर, उताराच्या अंगावर असेल, तर भरावाच्या आतली पाण्याची रेषा वर चढली आहे. बहुतेक वेळा आतला गाळण थर किंवा ड्रेन बुजलेला असतो. अशा उताराची माती पाण्याने जड होते, तिची पकड कमी होते आणि उतार घसरू शकतो. पायाखाली जमीन लिबलिबीत लागते का, उताराच्या पोटाला फुगवटा आहे का, माथ्याजवळ कमानीसारखी भेग दिसते का, ते पाहा. तिन्ही एकत्र असतील तर लेखी तक्रारीची वाट न पाहता फोन करायचा.

दुसरी आणि माझ्या मते सर्वांत नाजूक जागा म्हणजे विमोचक. भिंतीच्या पोटातून जाणाऱ्या नळाला अगदी चिकटून माती दाबणे बांधकामाच्या वेळी अवघड असते, रोलर तिथे पोचत नाही. त्यामुळे नळाच्या बाहेरच्या अंगाने पाण्याला वाट मिळते. इथे दोन गळत्यांची गल्लत होते. नळाच्या तोंडातून, म्हणजे आतून पाणी येत असेल, तर बहुधा दार नीट बसत नाही किंवा रबर सील गेले आहे. पाणी वाया जाते, पण भराव सहसा सुरक्षित असतो. नळाच्या बाहेरच्या कडेने, काँक्रीट आणि माती यांच्या फटीतून पाणी येत असेल, तर ते गंभीर आहे. नळाच्या सांध्यांतून माती आत ओढली जात असेल, तर नळाच्या रेषेवर भिंतीच्या अंगावर खड्डा पडतो. सुरुवातीला तो घमेल्याएवढा असतो आणि लोक त्यात माती टाकून मोकळे होतात. विमोचकाच्या रेषेवरचा खड्डा बुजवून विसरायचा नाही. त्याची जागा, व्यास, खोली लिहा, फोटो काढा, त्याच दिवशी कळवा.

गढूळपणा तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. पारदर्शक काचेची बाटली घ्या. पाणी जिथून निघते तिथेच, खालचा चिखल न ढवळता भरा. चोवीस तास न हलवता ठेवा. तळाशी मातीचा थर बसला तर पाणी भरावातली किंवा पायातली माती घेऊन येते आहे. बाटलीवर तारीख आणि तलावाची पातळी लिहा, पुढच्या आठवड्याची बाटली शेजारी ठेवा. माती वाहून नेणारा पाझर स्वतःची वाट रुंद करतो, रुंद वाटेने अधिक पाणी येते, ते अधिक माती नेते. अमेरिकेतल्या टेटन धरणात ५ जून १९७६ ला सकाळी गढूळ गळती दिसली आणि दुपारी बाराच्या आत धरण फुटले. पाझर थोडा असूनही गढूळ असेल, तर तो भरपूर पण नितळ पाझरापेक्षा वाईट.

मोजमापासाठी व्ही-नॉच, म्हणजे इंग्रजी V सारखी खाच असलेला पत्रा, बसवा. हे काम ग्रामपंचायत, तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्या विभागाच्या परवानगीने, सहज करू शकते. टो ड्रेनच्या नालीत, भिंतीच्या पायथ्यापासून खालच्या अंगाला, ३-४ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्यात ९० अंशांचा कोन कापून तो आडवा बसवायचा. कडा धारदार हवी, खाली पाणी सुटे पडले पाहिजे, पत्र्याच्या कडेने किंवा खालून पाणी निसटता कामा नये. उंची मोजायची पट्टी पत्र्यावर नको, अर्धा मीटर मागे, संथ पाण्यात. पट्टीवरचे शून्य खाचेच्या खालच्या टोकाच्या पातळीला हवे. पाण्याची उंची ५ सेंटीमीटर असेल तर प्रवाह सेकंदाला सुमारे ०.७७ लिटर. ७ सेंटीमीटर असेल तर सुमारे १.८ लिटर. १० सेंटीमीटरला सुमारे ४.४ लिटर. उंची ५ वरून ७, म्हणजे दोनच सेंटीमीटरने वाढली तरी पाणी दुपटीहून जास्त होते, म्हणून "थोडेसे वाढले आहे" असे डोळ्यांनी म्हणण्यात काही राम नाही. नॉच होईपर्यंत दहा लिटरची बादली आणि मोबाइलचे घड्याळ पुरते.

या आकड्यासोबत तलावाची पातळी लिहिलीच पाहिजे. पट्टी नसेल तर सांडव्याच्या माथ्यापासून खाली दर अर्ध्या मीटरला पिचिंगच्या, म्हणजे पाण्याकडच्या उतारावर बसवलेल्या दगडांवर ऑइल पेंटने खुणा करा. वहीत तारीख, पातळी, नॉचची उंची, मागच्या तीन दिवसांचा पाऊस आणि पाणी नितळ की गढूळ, एवढे रकाने. तलाव भरलेला असताना रोज, एरवी आठवड्यातून एकदा. गेल्या ऑक्टोबरात तलाव सांडव्याला लागलेला असताना ५ सेंटीमीटर होते आणि यंदा त्याच पातळीला ७ आहे, तर ही वाढ खरी. पातळी उतरली तरी पाझर उतरत नसेल, तर ते पाणी कदाचित तलावाचे नाहीच, शेजारच्या टेकडीचे किंवा वरच्या ओलिताचे असेल. आणखी एक गोष्ट लोक आनंदाने सांगतात: "यंदा गळती आपोआप थांबली." तलाव भरलेला असताना पाझर एकदम कमी झाला तर मला काळजी वाटते. ड्रेन बुजला असेल तर तेच पाणी आत अडकून दाब वाढवत असते, आणि काही दिवसांनी ओल वरच्या अंगाला उगवते.

बाभळींचे काय करायचे, हे झाडाच्या आकारावर अवलंबून आहे. मनगटाएवढ्या खोडापर्यंतची झुडपे दरवर्षी पावसाळ्यानंतर मुळासकट काढा. मोठी झाडे नुसती तोडून बुंधा ठेवू नका: मुळे काही वर्षांत कुजतात आणि त्यांच्या जागी भरावात पोकळ नळ्या राहतात. मोठे झाड उन्हाळ्यात, पाणी खाली असताना, मुख्य मुळांसह खणून काढायचे. खड्ड्याच्या बाजू तिरप्या कापायच्या आणि त्याच प्रकारची माती १५-१५ सेंटीमीटरच्या थरांत, ओलावा राखून, धुमसाने ठोकत भरायची. माती ओली किती हवी? मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण हाताला चिखल लागू नये. हे काम विभागाच्या देखरेखीखालीच व्हावे. जेसीबीने एका दिवसात सगळी भिंत "साफ" करण्याचा उत्साह टाळा.

बिळांचेही तसेच. तिवरे खेकड्यांमुळे फुटले असे सांगितले गेल्यावर बरीच चर्चा झाली. बिळे हा धरणाच्या देखभालीतला खरा विषय आहे: घुशी, साळिंदरे, खेकडे, वाळवीची वारुळे. पण ती दिसतात, मोजता येतात आणि बुजवता येतात. पाहणी नियमित असेल तर धरण फुटायची वेळ येईपर्यंत ती दुर्लक्षित राहू नयेत. बिळाचे तोंड बुजवून उपयोग नाही. शेवटपर्यंत खणून थराथराने भरावे लागते. खोल असेल तर माती-सिमेंटची पातळ रबडी ओतावी लागते.

माथ्यावर चालताना भेगांची दिशा पाहा. काळ्या मातीला उन्हाळ्यात बारीक जाळीदार भेगा पडतातच. भिंतीच्या लांबीला समांतर भेग बहुधा भराव बसल्याची किंवा उतार सरकू पाहत असल्याची खूण असते. भिंतीला आडवी, म्हणजे तलावाकडून गावाकडे जाणारी भेग सर्वांत धोक्याची, कारण पाणी चढले की तिला सरळ वाट मिळते. खोली कळायला भेगेत चुन्याचे पातळ पाणी ओतायचे आणि बाजूने खड्डा घेऊन पांढरी रेघ कुठपर्यंत गेली ते पाहायचे. हेही विभागाला सांगून.

सांडव्यावरच्या पोत्यांबद्दल मी स्पष्ट सांगतो: ती आजच काढा. तुमच्या सगळ्या लक्षणांत हे सर्वांत सोपे आणि सर्वांत तातडीचे आहे. हेतू वाईट नसतो, दोन महिने जास्त पाणी मिळावे म्हणून लोक फूटभर पोती रचतात. पण पूर्ण संचय पातळी आणि भिंतीचा माथा यांतले अंतर मोठा पूर आणि लाटा यांच्यासाठी राखलेले असते. माथा दरम्यान कुठे खचलेला असेल तर ते अंतर आधीच कमी झालेले असते. सांडवा अडला आणि पाणी मातीच्या माथ्यावरून गेले, की मातीचे धरण काही तासांत कापले जाते. गुजरातमधले मच्छू-२ धरण ११ ऑगस्ट १९७९ ला असेच मातीच्या भागावरून पाणी जाऊन फुटले आणि मोरबी शहर बुडाले. पोत्यांबरोबर सांडव्यावर लावलेली मासेमारीची जाळी, पुच्छ कालव्यात, म्हणजे सांडव्याचे पाणी पुढे नेणाऱ्या चरात, केलेली शेती, तिथे साचलेला राडारोडा हेही काढा. पुच्छ कालव्यात खाली घळ पडून ती सांडव्याच्या भिंतीकडे सरकत असेल तर तिचे अंतर दरवर्षी मोजा.

पायथ्याच्या जमिनीवरही लक्ष हवे. हमखास पाणी लागते म्हणून अनेक ठिकाणी भिंतीच्या अगदी पायथ्याशी विहीर किंवा शेततळे खणले जाते, कुणी मुरूम नेते. पायथा खणला की उताराचा आधार जातो आणि पाझराची वाट आखूड होते. मोटर लावून विहीर उपसली की पाणी आणखी जोराने ओढले जाते. "ओल काढून टाकू" म्हणून स्वतः चर खणणे हाही तोच धोका.

आता समजा रात्री अचानक पाणी गढूळ झाले, किंवा पायथ्याला उकळी फुटून माती वर येऊ लागली. हातून होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे त्यावर माती आणि ताडपत्री टाकून ते बंद करण्याचा प्रयत्न. पाणी थांबत नाही, दाब वाढतो आणि ते शेजारी नव्या जागी फुटते. पाण्याला जाऊ द्यायचे, मातीला अडवायचे. चहाच्या गाळणीचेच काम. ओल्या जागेवर, तिच्या कडेच्या मीटरभर पुढेपर्यंत, आधी स्वच्छ जाड वाळूचा १५-२० सेंटीमीटर थर, त्यावर तेवढाच बारीक खडीचा, त्यावर मोठ्या खडीचा, आणि वरून वजनाला दगड. क्रम उलटा झाला तर गाळण होत नाही. वाळूत माती किंवा क्रशरची भुकटी नको. उकळी जोराची असेल तर तिच्याभोवती पोत्यांचे गोल कडे करायचे आणि पाणी नितळ येईपर्यंत कड्यात त्याची उंची वाढू द्यायची. कडे बंद करायचे नाही, वरून पाणी वाहत राहिले पाहिजे. म्हणून दोन ब्रास वाळू, दोन्ही आकारांची खडी आणि रिकामी पोती पावसाळ्याआधी भिंतीजवळ, पण टो ड्रेन मोकळा ठेवून, साठवून ठेवावीत. हे काम प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली करायचे. पाणी झपाट्याने वाढते आहे असे दिसले की पायथ्याशी कुणीही थांबायचे नाही.

त्याच वेळी विमोचकातून तलाव उतरवणे सुरू व्हायला हवे. एरवी पातळी सावकाश, दिवसाला फूटभराच्या आसपास उतरवतात, कारण एकदम उतरवली तर पाण्याकडचा भिजलेला उतार घसरतो. खऱ्या आणीबाणीत ही मर्यादा बाजूला ठेवावी लागते, पण तो निर्णय अभियंत्याचा. भिंत किंवा सांडवा फोडून पाणी काढण्याचा विचारही गावाने करू नये. आणि विमोचकाचे दार आधीच अडकलेले असेल तर यातले काहीच होणार नाही. म्हणून मे महिन्यात ते विभागाकडून पूर्ण उघडून-बंद करून घ्या, गंजलेला स्क्रू आणि ग्रीस पाहा.

वाडीतल्या लोकांना हलवण्याचा निर्णय गळतीच्या आकड्याची वाट पाहत थांबवायचा नाही. गढूळ पाणी वाढते आहे, नवा खड्डा पडला आहे किंवा पाणी माथ्याच्या जवळ आले आहे, यांपैकी एक जरी दिसले तरी आधी माणसे उंच जागी, मग फोन: जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, पोलिसांचा ११२. रात्री सायरन किंवा मंदिराचा भोंगा कोण वाजवणार आणि म्हाताऱ्या माणसांना कोण नेणार, हे नावानिशी ठरवून ठेवा.

तक्रार कुणाकडे करायची, हे तलाव कुणाच्या मालकीचा आहे त्यावर ठरते. १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव सहसा जिल्हा परिषदेकडे असतात, त्यापुढचे लहान प्रकल्प मृद व जलसंधारण विभागाकडे आणि मोठे जलसंपदा विभागाकडे. धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू आहे. त्यात १५ मीटरहून उंच धरणे येतातच. १० ते १५ मीटर उंचीची धरणे अटींसह येतात, उदाहरणार्थ माथ्याची लांबी ५०० मीटर किंवा अधिक, किंवा साठा १० लाख घनमीटर, म्हणजे साधारण ३५ दशलक्ष घनफूट, किंवा अधिक. तुमचे १४ मीटर आहे, म्हणून साठा आणि लांबी विचारून घ्या. कायद्यात बसत असेल तर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करणे मालकावर बंधनकारक आहे. तिचे अहवाल माहिती अधिकारात मागा. कायद्यात बसत नसेल तरी मालकाची देखभालीची जबाबदारी जात नाही.

अर्जात "तलाव धोकादायक आहे" एवढेच लिहू नका. तारीख, पातळी, बाटलीचा फोटो, नॉचची किंवा बादलीची मोजणी, ओलीचे विमोचकापासूनचे अंतर आणि रॉक टोपासूनची उंची लिहा. मागण्या नेमक्या ठेवा: माथ्याचे लेव्हल सर्वेक्षण, विमोचकाच्या नळाची आतून पाहणी, टो ड्रेन साफ करणे, नॉच बसवणे, झाडे काढणे. एक प्रत कार्यकारी अभियंत्याला, एक तहसीलदारांना, पोच घेऊन.

फोटो न पाहता धरण सुरक्षित आहे किंवा नाही असे मी सांगणार नाही. ओल रॉक टोच्या वर आहे की खाली, विमोचकाच्या नळापासून किती मीटरवर आहे, आणि पाणी बाटलीत चोवीस तासांनी कसे दिसते, या तीन गोष्टी इथे लिहा. त्यावरून पुढच्या पंधरवड्यात नेमके काय करायचे ते सांगता येईल.